नाव आत छापलेली पिशवी

पिशवी म्हणजे पिशवी. भाजी आणायची, दळण न्यायचं, फाटली की तिचं पायपुसणं करायचं. पिशवी निवडायलाही डोकं लागतं असं कुणी मला चाळिशीच्या आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण नवऱ्यानं सरकारी नोकरी सोडून धंदा काढला आणि धंद्याला वर्ष झालं म्हणून पाहुण्यांना द्यायची पिशवी निवडायचं काम माझ्या गळ्यात मारलं. त्या महिन्याभरात मी जेवढी परेशान झाले, तेवढी बी.एड.च्या परीक्षेतसुद्धा झाले नव्हते.

आधी घरचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आम्ही हैदराबादला नल्लकुंट्यात राहायचो. माझ्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरी. आजेसासरे जुन्या राजवटीत दफ्तरात होते. सासरे महसूल खात्यातून निवृत्त झालेले, उर्दूत शिकलेले, तेलुगूत कारभार केलेले आणि रागवायचं झालं तर मराठीत रागावणारे. नवरा एका सरकारी खात्यात इंजिनियर. दुकानदारी हा शब्द आमच्या घरात कुणाला नावं ठेवायची असली तरच निघायचा.

सासऱ्यांची ख्याती एकच. ते कुणाकडून काही घेत नसत. नोकरीत होते तेव्हा दिवाळीला दाराशी मिठाईचा डबा आला की दारातूनच परत. आंब्याची करंडी परत. कॅलेंडरसुद्धा परत. आमच्या भिंतीवर कायम विकतचं कॅलेंडर असायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आता त्यांना कोण कशाला काय देणार होतं? पण शेजारच्या तेलुगू बाईंनी मुलीच्या लग्नाचे लाडू आणून दिले तरी ते पेपर खाली करून आधी विचारायचे, "कशाबद्दल?" लग्नाचे आहेत म्हटलं की मग एक उचलायचे.

मग ते नवं धोरण आलं. पेपरात रोज तेच, परवाने गेले, परदेशी कंपन्या आल्या. आमच्या गल्लीत घराघरात रंगीत टीव्ही आले, फ्रिज आले आणि उन्हाळ्यात व्होल्टेज असं पडायचं की फ्रिज नुसताच गुरगुरत राहायचा. नवऱ्याच्या डोक्यात किडा वळवळला. लोक फ्रिज घेणार म्हणजे स्टॅबिलायझर घेणार, दिवे जाणार म्हणजे इन्व्हर्टर घेणार. त्यानं राजीनामा दिला, चिक्कडपल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि बाहेर पाटी लावली. पाटीवर दुसरंतिसरं काही नाही, आमचं आडनाव.

सासरे त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाले, "आडनाव कशाला घातलंस? दुसरं नाव नव्हतं मिळत?" त्यानंतर वर्षभर सासऱ्यांनी त्या ऑफिसात पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी फिरायला जायचे ते चिक्कडपल्लीच्याच बाजूला, पण आमची पाटी यायच्या आधी रस्ता ओलांडायचे आणि पलीकडून निघून जायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी शाळेत शिकवायचे, शाळा सुटली की ऑफिसात जाऊन बसायचे, खिडकीतून दिसायचं. नवऱ्यालाही दिसायचं. त्या वेळेला तो हटकून मान खाली घालून कसलंतरी बिल शोधायला लागायचा.

वर्ष भरत आलं तेव्हा नवऱ्यानं बरकतपुऱ्यातला एक हॉल ठरवला. गिऱ्हाइकं, छोटे दुकानदार, बँकेतली माणसं, दोनचार डॉक्टर, जुन्या खात्यातले साहेबलोक, सगळ्यांना बोलवायचं. खाणं आणि जाताना हातात एक भेट. हल्ली सगळे पिशव्या देतात, कंपनीचं नाव घालून, म्हणून आपणही पिशवी द्यायची. एवढं सांगून झाल्यावर तो थोडा वेळ चहाच्या कपाशी खेळत बसला.

"बाबा यायला पाहिजेत," तो म्हणाला. "सगळं शहर आलं आणि ते आले नाहीत, तर मी हे कशाला करतोय?"

"येतील की."

"आणि पिशवी घेतली पाहिजे त्यांनी. माझ्या हातून. तू अशी निवड, की बाबांनासुद्धा नाही म्हणता येणार नाही."

आता बोला. ज्या माणसानं उभ्या जन्मात कॅलेंडर घेतलं नाही, त्याला चालेल अशी पिशवी. मी म्हटलं, अहो, त्यापेक्षा चंद्र आणायला सांगा, दुकान तरी शोधायला नको. पण तो हसला नाही. त्याला खरंच हवं होतं ते. त्याच्या वयाचा माणूस असा बापाकडे डोळे लावून बसलेला पाहिला की मला राग येतो आणि पोटात तुटतंही. राग त्याचा की सासऱ्यांचा, ते मात्र मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

मलकपेठेत एक बॅगवाला होता, त्याला निरोप पाठवला. तो रिक्षाभर नमुने घेऊन घरी आला आणि दिवाणखान्यात त्यानं बाजारच मांडला. रेक्झिनच्या, कॅनव्हासच्या, तागाच्या, नायलॉनच्या, घडी घालून खिशात मावणाऱ्या, आणि एक तर एवढी मोठी की तिच्यात आमची मुलगी बसली असती. मी विचारलं, यातली चांगली कुठली? तो म्हणाला, "सब अच्छे हैं मॅडम." मी रेक्झिनची उचलली तर म्हणाला, "हौ, येइच सबसे बढिया, एकदम फारेन दिखती." मी ती खाली ठेवून तागाची उचलली, तर त्याच तोंडानं म्हणाला, "हौ मॅडम, आजकल येइच चलरा." मी मुद्दाम सगळ्यात कुरूप, कावीळ झाल्यासारखी पिवळी होती ती उचलली. "हौ," तो म्हणाला, "ये तो इस्पेशल है." असल्या माणसाला काय विचारायचं?

मग मी स्वतःच विचार करायला बसले आणि तिथंच फसले. ब्रीफकेससारखी घ्यावी तर डॉक्टरला शोभेल, पण मोटार दुरुस्तीवाला ती घेऊन काय करेल? तागाची घेतली तर त्याची बायको बाजारात नेईल, पण बँकेचा मॅनेजर ती ड्रायव्हरला देऊन टाकेल. लहान घेतली तर चिक्कू म्हणतील, मोठी घेतली तर घरी नेऊन माळ्यावर टाकतील. भारी घेतली तर लाच वाटेल आणि स्वस्त घेतली तर अपमान. हे कमी होतं म्हणून की काय, नाव कुठल्या भाषेत घालायचं हा आणखी एक घोळ. इंग्रजीत घातलं तर अर्ध्या लोकांना वाचता येणार नाही, तेलुगूत घातलं तर जुन्या शहरातले दुकानदार म्हणणार आमच्यासाठी उर्दू नाही का, आणि मराठीत घातलं तर वाचणार कोण, आम्ही तिघं? तिघंच, कारण कॉलेजात जाणाऱ्या आमच्या कन्येला मराठीतली पाटी वाचायला बसची वाट बघण्याएवढा वेळ लागायचा. ती आली, सगळ्या पिशव्यांवरून नजर फिरवली, "आई, सगळ्या सो डल आहेत," म्हणाली आणि मैत्रिणीकडे निघून गेली. चला, तेवढाच हातभार.

नमुने दोन दिवस दिवाणखान्यातच पडून होते. सासरे त्यांना वळसा घालून आपल्या खुर्चीकडे जायचे. तिसऱ्या दिवशी मी तिथंच बसून एकेकीचा पट्टा ओढून बघत होते, तेव्हा ते म्हणाले, "कुणाचं लग्न आहे?"

"लग्न नाही बाबा. ऑफिसचा कार्यक्रम आहे ना, त्याच्या पाहुण्यांना द्यायच्या."

"कशाबद्दल?"

आला का प्रश्न. मी म्हटलं, "असंच. भेट म्हणून."

"असंच कुणी काही देत नाही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट शिकवणीला बसवल्यासारखा होता. "हे बघ, वरच्याला देतात तो नजराणा. खालच्याला देतात ते इनाम. बरोबरीच्याला, घरात कार्य असताना देतात तो आहेर. ही यातली कुठली?"

मी विचार केला. साहेबांना देताना नजराणा, मेकॅनिकला देताना इनाम, डॉक्टरांना आहेर, पण पिशवी तीच. माझं डोकं गरगरायला लागलं. मी म्हटलं, "बाबा, ही जाहिरात आहे. पिशवीवर आपलं नाव असणार, ती घेऊन ते हिंडणार, म्हणजे आपलं नाव लोकांपर्यंत जाणार."

"म्हणजे काम ते करणार तुमचं."

"तसंच काही नाही—"

"मग त्यांना मजुरी द्या. मजुरीच्या ऐवजी पिशवी कसली देता?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पोळ्या लाटायला लागले. त्या दिवशीच्या पोळ्या कुणालाही चावता आल्या नाहीत. राग यायचं कारण असं की त्यांचं म्हणणं मला पटत होतं आणि नवऱ्याचंही पटत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. ज्याला दोन्हीकडचं कळतं त्याच्या नशिबी पोळ्याच लाटणं येतं.

पण जेवताना सासऱ्यांनीच आपणहून विषय काढला. नवरा घरी नव्हता, बहुधा म्हणूनच. म्हणाले, "समज, मी नोकरीत आहे आणि कुणी मला असली पिशवी दिली. समज, मी घेतलीही. ती घेऊन दफ्तरात कसा जाऊ? शिपायापासून साहेबापर्यंत सगळे वाचणार, कुणाचं नाव लटकवून आला. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाची फाइल माझ्या टेबलावर आली तर?" आणि ताक पिऊन उठून गेले.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अस्सं होय. म्हणजे पिशवीला त्यांची हरकत नाही, हरकत नावाला आहे, चारचौघांत दिसणाऱ्या नावाला. आणि बरोबरच आहे की. जुन्या खात्यातले साहेबलोक येणार होते, ते तरी दुकानदाराचं नाव खांद्यावर टाकून ऑफिसात कसे जातील? आमच्या घरात मी वीस वर्षं हेच बघत आले होते, देणाऱ्याकडून नाही, घेणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघायचं. माझ्या मनात सगळं एका झटक्यात ठरलं. तपकिरी कॅनव्हासची, खांद्याला अडकवायची, वरून झाकण असलेली पिशवी. रंग असा की कुठंही चालावा. आणि नाव झाकणाच्या आतल्या बाजूला, बारीक अक्षरात, इंग्रजीत.

बॅगवाल्याला सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच तो "हौ" म्हणाला नाही.

"अंदर?" तो म्हणाला. "मॅडम, अंदर कौन देखता?"

"ज्याची पिशवी तो बघेल ना."

त्यानं झाकण उचलून आत पाहिलं. मग म्हणाला, "हौ, वो भी बराबर है." त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर तरी मला शंका यायला हवी होती.

गठ्ठे थेट ऑफिसात आले. मी शाळेतून पोचले तेव्हा नवरा एक पिशवी हातात घेऊन उलटीसुलटी करत होता. पुढून बघितली, मागून बघितली, तळ बघितला. पिशवी सुंदर झाली होती, हे आजही सांगते.

"नाव कुठंय?"

मी झाकण उचलून दाखवलं.

तो त्या अक्षरांकडे बघत राहिला. मग खुर्चीत बसला. "अगं, ही जाहिरात आहे," तो म्हणाला. "जाहिरात कुणी आतून करतं का? उद्या पाटीसुद्धा उलटी करून लावू, भिंतीकडे तोंड करून?"

"तुम्हीच म्हणालात, बाबांना नाही म्हणता येणार नाही अशी निवड. नाव बाहेर असतं तर ते घेणार नव्हते. साहेबलोकही घेणार नव्हते."

"मग बाबांना आणि साहेबलोकांना तशा करायच्या. बाकीच्यांच्या नाव बाहेर घालून करायच्या."

हे खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खोटं कशाला सांगू? पंक्तीला बसलेल्यांत एकाला तूप आणि एकाला तेल वाढायचं, असं आमच्याकडे करत नाहीत. पाहुणे म्हटले की सगळ्यांना एकच, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की दोन प्रकारच्या पिशव्या करता येतात हा विचारच शिवला नाही. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "हा धंदा आहे, मुंज नाही." मी म्हटलं, मग व्यापाऱ्याची मुलगी करायची होती. तो म्हणाला, तेव्हा मी नोकरीत होतो. यावर दोघांनाही हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आम्ही आपापल्या टेबलाशी बसून राहिलो. जाहिरातही गेली आणि वेळही गेला, दुसऱ्या छापून घ्यायला दिवस उरले नव्हते.

राहिलं होतं सासऱ्यांना बोलवायचं. नवऱ्यानं त्यांच्यापुढे छापील पत्रिका ठेवली. वर हळदकुंकवाचं बोट लावलं होतं, जसं लग्नाच्या पत्रिकेला लावतात. त्यांनी चष्मा लावून ती पुढूनमागून वाचली. "बघू," म्हणाले. कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही दुपारीच हॉलवर गेलो आणि ते येणार की नाही हे दोघांनाही माहीत नव्हतं. नवरा खुर्च्या मोजून घेत होता, माईक बघत होता, वाढप्यांवर ओरडत होता, पण पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर त्यानं स्वतःचा रुमाल टाकून ठेवला होता.

ते आले. एकटेच रिक्षानं आले, निवृत्तीच्या दिवशी घातलेली काळी शेरवानी घालून. ती आता खांद्यात सैल झाली होती. नवरा धावत दाराशी गेला. ते पहिल्या रांगेत बसायला तयार झाले नाहीत, मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले. पण आले. नवऱ्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, पिशव्या गेल्या खड्ड्यात, झालं आपलं काम.

भाषणं झाली, जेवणं झाली, गोड म्हणून खुबानीचा मीठा झाला आणि पिशव्या वाटायची वेळ आली. नवऱ्याला सगळ्यांना स्वतःच्या हातानं द्यायच्या होत्या. तो खुर्च्यांमधून पुढे आणि गठ्ठा घेऊन मी त्याच्या मागे. लोक पिशवी घ्यायचे आणि माझ्या डोळ्यांदेखत नाव शोधायचे. एका दुकानदारानं मला हळूच विचारलं, "मॅडम, छापायचं राहिलं का?" बँकेच्या मॅनेजरनं झाकण उघडलं, आतलं नाव वाचलं आणि कसलं गुपित कळल्यासारखं परत बंद केलं. पण जुन्या खात्यातल्या एका साहेबानं ती तिथल्या तिथं खांद्याला अडकवली, आरशात बघावं तसं खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, ही मात्र मला रोज नेता येईल." म्हणजे मी चुकले होते की बरोबर होते? तिथं उभी असताना मला कळलं नाही आणि आज इतक्या वर्षांनीही कळलेलं नाही.

शेवटी आम्ही मागच्या रांगेशी पोचलो. सासरे उठून उभे राहिले. नवऱ्यानं माझ्याकडून पिशवी घेतली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. तो काहीतरी बोलणार होता, त्याचे ओठ हलले. तेवढ्यात सासऱ्यांचे हात जोडले गेले.

"माफ करा," ते म्हणाले. "मी घेत नाही. गैरसमज नको."

पोटच्या मुलाला ते "माफ करा" म्हणाले. मी गठ्ठा घट्ट धरून उभी राहिले. नवरा क्षणभर तसाच हात पुढे करून उभा होता. लहानपणी त्यानं दाराआड उभं राहून हेच शब्द वडलांनी कितीतरी लोकांना बोललेले ऐकले होते, ते लोक आपला डबा उचलून पायऱ्या उतरताना पाहिले होते. तो हसला. "बरं बाबा," म्हणाला, पिशवी माझ्या गठ्ठ्यावर परत ठेवली आणि पुढच्या खुर्चीकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. पुढच्या माणसाला त्यानं काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही.

हॉलची आवराआवर नवऱ्यावर सोडून मी सासऱ्यांना घेऊन घरी आले. घरी आल्यावर ते शेरवानी न उतरवता खुर्चीत बसले. मी पाणी आणून दिलं आणि माझं डोकं फिरलं. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"एक पिशवी घेतली असती तर काय झालं असतं? मुलगा आहे तुमचा तो. ठेकेदार नाही. वर्षभर वाट बघतोय तुमची, तुम्ही पलीकडच्या बाजूनं जाता ते बघतोय. सगळ्यांसमोर त्याला हात जोडलेत?"

मला वाटलं, आता रागावतील. ते रागावले नाहीत. पाण्याचा पेला तसाच धरून बसले.

"मी घ्यायलाच गेलो होतो गं," ते म्हणाले.

"मग?"

"काय झालं मला कळलं नाही. त्यानं पुढे केली आणि हात जोडले गेले. तोंडातून निघून गेलं. समोर तो आहे, हे मागाहून ध्यानात आलं." पेला खाली ठेवत म्हणाले, "तोवर तो पुढे गेला होता."

त्यांच्यावर विश्वास ठेवावा की नाही, मला ठरवता येईना. ज्या माणसानं जन्मभर एकच वाक्य म्हटलंय, त्याच्या तोंडून ते आपोआप निघू शकतं. पण मनात असल्याशिवाय तोंडात येतं का? मी विचारलं, "त्याला सांगू का मी?" त्यांनी मान हलवली, नको म्हणून. नवरा आला, जेवला, हॉलवाल्यानं पंख्यांचे जादा पैसे कसे लावले ते सांगत बसला. बापलेक समोरासमोर बसून वांग्याची भाजी जेवले. मला दोघांनाही फटकवावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मी सकाळपासून ऑफिसातच होते. उन्हाची वेळ. काउंटरशी दोन गिऱ्हाइकं होती, एक नवराबायको फ्रिजसाठी स्टॅबिलायझर बघत होते आणि एक म्हातारे गृहस्थ जुना जळलेला घेऊन आले होते. माझा नवरा त्यांना समजावून सांगत होता. दारात सावली आली म्हणून मी मान वर केली, तर सासरे. धोतर, सदरा, हातात छत्री. नल्लकुंट्याहून त्या उन्हात चालत आले होते.

मी उठले. "बाबा, या ना, आत या. बसा."

"नको. हे आधी आलेत," ते म्हणाले आणि गिऱ्हाइकांच्या मागे जाऊन उभे राहिले.

नवऱ्यानं पाहिलं. तो बोलता बोलता अडखळला. गिऱ्हाईक विचारत होतं, हमी किती वर्षांची, आणि ह्याला आपल्याच मालाची हमी आठवेना, ती मीच सांगितली. पावती झाली, खोकं बांधून झालं. म्हाताऱ्या गृहस्थांना जळलेला ठेवून जा, परवा या, असं सांगून झालं. सासरे आपली पाळी येईपर्यंत हलले नाहीत. मग काउंटरशी आले.

"काल ती पिशवी मी घेतली नाही," ते म्हणाले. "आज दे."

नवऱ्यानं पावतीपुस्तक मिटलं. "बाबा, उन्हातून कशाला आलात? मी घरी आणली असती."

"घरी नको," सासरे म्हणाले. "इथं दे."

नवरा आतल्या खोलीत गेला. पिशव्या समोरच्याच कपाटात होत्या, तरी त्याला बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा डोळे पुसून आला होता, पण नीट पुसले नव्हते. माझं म्हणाल तर मी सरळ रडत होते, तोंडाला पदर लावायचंही भान राहिलं नाही. त्यानं पिशवी पुढे केली. सासऱ्यांनी छत्री काउंटरला टेकवून ठेवली आणि दोन्ही हातांनी ती घेतली.

मग ते तसेच उभे राहिले. पट्टा लोंबत होता. ती खांद्याला लावायची, हातात धरायची की काखेत मारायची, हे त्यांना समजत नव्हतं, आणि त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "ही न्यायची कशी?"